घर वाचवणाऱ्याचा सत्कार

आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तोंडात तीळ भिजत नसे. त्यात भवानीनगरला त्यांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा, त्यामुळे न भिजलेला तीळ थेट कर्ण्यातून बाहेर पडायचा. म्हैस व्याली, पुतण्या दहावी पास झाला, सगळं कर्ण्यावर. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा केलेल्या पिठल्याचं कौतुकही त्यांनी अख्ख्या वसाहतीला ऐकवलं होतं. मी लाजून मोरीत जाऊन बसले होते.

सासूबाई नेमक्या उलट. घरातलं घरात राहिलं पाहिजे, माईकला तर हात लावायचा नाही. म्हणूनच बँकेची नोटीस आली तेव्हा त्यांनी ती पिठाच्या डब्यामागे दडवली आणि आबांना देवाची शपथ घातली. कर्णे आणि जनरेटर घेताना आबांनी घर तारण ठेवलं होतं. लग्नांची उधारी गावोगाव अडकली, हप्ते थकले आणि आता घराचा लिलाव होणार होता. माझा नवरा बारामतीला एमआयडीसीत कामाला, फक्त रविवारी घरी यायचा. त्यालाही सांगायचं नाही, असा हुकूम झाला.

वास कसा लागला देव जाणे, पण आठवड्याभरात एक सफारीवाले साहेब ब्रीफकेस घेऊन दारात हजर.

"आबा, लिलाव मी थांबवतो. घर वर्षभर नावापुरतं माझ्या नावावर करा. सोमवारी इंदापूरला जाऊन सही करू. माझी फी तेवढी आधी. बँकेत मात्र फिरकू नका आणि कुणाला बोलू नका."

डाळजच्या एका टेलरचं घर आपण असंच वाचवलं, असंही त्यांनी सांगितलं. सासूबाईंना 'कुणाला बोलू नका' हेच फार पटलं. मला माणूस आवडला नाही. "पाहुणे, गाव कुठलं?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सगळीच गावं आपली." आमच्याकडे असं उत्तर देणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही, हे तर घर होतं. पण नव्या सुनेचं ऐकतो कोण?

आबा मात्र हरखून गेले. दोन दिवस ते बंद माईक हातात घेऊन घरभर फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, आपलं घर वाचवनाऱ्याचा साधा सत्कार बी करू नये व्हय?"

"आबा, कुणाला बोलायचं न्हाय ना?"

"न्हाईच बोलायचं. पर त्या डाळजच्या टेलरला समदं ठावंच हाय की! त्याच्या हातानं फेटा बांधू."

या युक्तिवादापुढे वकीलही गप्प बसला असता. मला तसंही भिगवणला माहेरी जायचं होतं. आबांनी मला एम-एटी गाडीवर मागे बसवलं आणि आम्ही आधी डाळजला गेलो.

टेलरचं घर लोकांनी दाखवलं, पण त्यात दुसरेच लोक राहत होते. टेलर सापडला स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत, गळ्यात टेप, पुढ्यात मशीन. आबांनी हात जोडून सत्काराचं आमंत्रण दिलं. त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आबा, नावापुरतं म्हनून मी सही केली आन् त्यानं घर इकलं. लाजंपायी कुणाला बोललो न्हाय."

आबा मटकन स्टुलावर बसले. आमचं घर सोमवारपर्यंतच आमचं होतं. मग आबांच्या डोळ्यांत हळूहळू जी चमक आली ती मी जन्मात विसरणार नाही. "सत्कार करायचाच," ते म्हणाले. टेलर खदखदून हसला. मी माहेरी गेलेच नाही. माहेर कुठं पळून जात नव्हतं. घरी येऊन आधी सासूबाईंना सगळं सांगितलं, रविवारी आल्यावर नवऱ्यालाही.

रविवारी संध्याकाळी फी घ्यायला साहेब आले. मंडपवाल्याच्या दारात खांब आणि कापड पाहून कुणाला संशय येणार? त्यांना मानाने खुर्चीवर बसवलं, सासूबाईंनी चहा दिला आणि माझ्या नवऱ्याने मागचा पडदा ओढला. पडद्यामागे सगळी वसाहत सतरंजीवर बसली होती.

"हॅलो, हॅलो! आमचं घर वाचवाय आलेल्या सायबांचा सत्कार आता डाळजच्या टेलरांच्या हस्ते हुईल!"

टेलर फेटा घेऊन पुढे आला. साहेबांनी चहा तसाच खाली ठेवून ब्रीफकेस उचलली. ते उठू लागले, तर माझ्या नवऱ्याने खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. टेलरने फेटा अगदी नीट बांधला, तुरा काढला, मग माईक घेतला आणि इतके दिवस गिळलेलं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या रांगेत हवालदार पाहुणे म्हणून बसलेच होते. साहेब फेट्यासकट चौकीवर गेले.

सोमवारी इंदापूरऐवजी आबा आणि सासूबाई बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, "आधीच यायचं होतं." त्यांनी मुदत वाढवली, हप्ते लहान करून दिले. आणि आता गावभर झालंच होतं, तर ज्यांच्या लग्नाची उधारी होती ते एकेक करून पैसे घेऊन ओट्यावर येऊ लागले. कुणी म्हणायचा, "आबा, आमाला काय म्हाईत?" खरंच, कुणाला काय माहीत असणार? आम्हीच तर दडवून बसलो होतो. टेलरलाही घर परत मिळालं, कोर्टकचेरीत पुष्कळ वर्षं गेली, पण मिळालं.

आमचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी आबांनी कर्णा छपरावर चढवला, माईक हातात घेतला आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. नुसते डोळे पुसत उभे राहिले. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आबांच्या हातातून माईक घेतला, उलटा धरला, मी तो सरळ करून दिला.

"आमचं घर ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "समदी च्याला या."