‘जेवलो’ एवढाच मजकूर

चंद्रपूरला आमच्या कॉलेजच्या फाटकाजवळ एक बाई बोरं विकायला बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोरं मोजून झाली की वर चार-दोन आणखी टाकायच्या, आणि टाकताना मान दुसरीकडे वळवायच्या, जणू ते आपल्यालाच दिसू नये. त्यांचा मुलगा हैदराबादला कामाला होता. त्याचा मेसेज आला की मी तो वाचून दाखवायची.

एकदा मी तिथेच बसून कॉम्प्युटरच्या पुस्तकातला ‘जेसन’चा (JSON) धडा वाचत होते.

“काय वाचून राह्यली वं?”

मी अडखळतच सांगितलं, की प्रोग्राममधली वस्तू जशीच्या तशी पाठवता येत नाही. तिचा मजकूर करून पाठवायचा आणि पलीकडे त्यावरून ती पुन्हा उभी करायची. पण पलीकडे तिचा साचा आधीच ठाऊक असावा लागतो, नाहीतर हाती नुसती अक्षरं राहतात.

“असं व्हय,” म्हणत त्यांनी फोन पुढे केला. “हे वाच.”

“जेवलो. बरा आहो.”

त्यांचा बोरं निवडणारा हात थांबला. “नाई जेवला तो. जेवला असता तं काय जेवला ते सांगतलं असतं त्यानं. मोठा खादाड हाये माहा पोरगा.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “अजून एकदा वाच.”

त्या संध्याकाळी मेसमधलं ताट तसंच ठेवून मी उठले आणि आरमोरीला आईला ‘जेवली’ एवढंच पाठवलं.

लगेच फोन वाजला.

“काऊन नाई जेवली वं?” आई विचारत होती.