आखाजीला टोचून ठेवलेली सुई

हे मला न्यायला आले, तेव्हा मी आणि माय पडवीत गोधडीवर वाकलेल्या होतो. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, शहरात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आखाजीला आपल्या नामपुरात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, हे मी तुम्हा गावच्या पोरींना काय सांगू! मी मात्र त्या वर्षी झोक्याला शिवले नाही. माझ्या संसाराची गोधडी पुरी करून न्यायची होती. मायची जुनी लुगडी, दादांचं धोतर, तेही मायनं कांद्याच्या टरफलांच्या पाण्यात उकळून मधासारखं तांबूस केलेलं, असं सगळं थरावर थर अंथरलं होतं. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत सरकायचं. एका अंगाला माय, समोर मी. मधला तुकडा तेवढा राहिला होता, लहान मूल हातपाय पसरून झोपेल एवढा.

ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत. “आईचा पाय मोडलाय. आत्ताची गाडी पकडायची,” एवढंच बोलले.

आमच्या घरात एक रीत आहे. गोधडी अर्धी सोडून उठावं लागलं, तर सुई तिथंच टोचून ठेवायची. जिची सुई तिनंच ती काढायची, आणि एकदा काढली की मधला उघडा भाग, म्हणजे गोधडीचं तोंड, शिवून होईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेवटचे टाके घालण्याआधी भाकरीचा एक घास आत ठेवायचा. गोधडी उपाशी राहिली तर ती पांघरणाऱ्याला झोप लागत नाही म्हणे. मी घाईघाईत सुई टोचली. दोरा तसाच लोंबत राहिला.

“तठेच ऱ्हाऊ दे, नंदी. तू येशी तवय काढजो,” माय म्हणाली. सटाण्याची एसटी वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत उभी होती. मला वाटलं, दिवाळीला येऊच की! कसली दिवाळी नि काय.

नाशकात अंबडच्या रस्त्याला लागून आमची कॉलनी. दुसरा मजला, दोन खोल्या. हे कंपनीत रात्रपाळीला, म्हणजे दिवसभर पुढच्या खोलीत झोपलेले. दिवसा आमच्या घरात मोठ्यानं खोकायचीसुद्धा चोरी होती. रेडिओ नाही, शिलाई मशीन नाही, भांड्याला भांडं लागलं की सासूबाई ओठांवर बोट ठेवायच्या. त्या पाय प्लास्टरमध्ये घालून दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या असत. दार उघडायचं तर खुर्ची सरकवायची, खुर्ची सरकवायची तर कारण सांगायचं. पुढं प्लास्टर निघालं, पण खुर्ची काही निघाली नाही.

“बाहेर काय काम हाय तुझं?” त्या विचारायच्या. खरं सांगते, त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरंच कळायचं नाही की बाहेर माझं काय काम असेल. आणि काम तरी कुठं होतं? मला नुसतं आभाळाखाली उभं राहायचं होतं. हे कारण कसं सांगणार, सांगा बरं.

आवाज न होता करता येण्यासारखी एकच गोष्ट मला येत होती. सुईचा आवाज होत नाही. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसायला लागले. ओटा, भिंत, पाण्याचं पिंप आणि धान्याचे डबे यांच्यामध्ये फरशीचा जो चौकोन उरायचा, तेवढी माझी जागा. पहिल्यांदा मी आपली मोठ्या हौसेनं जुनी साडी अंथरली, तर एक टोक ओट्याखाली, दुसरं पिंपाखाली. गोधडीला पडवी लागते, अंगण लागतं, समोर दुसरं माणूस लागतं. इथं समोर पिंप! मग मी फरशीएवढेच तुकडे करू लागले. एक चौकोन शिवायचा, घडी करून डब्यांवर ठेवायचा, दुसरा घ्यायचा. पुरेसे साठले की एकमेकांना जोडायचे. कधी उशीचा अभ्रा, कधी शेजारच्या बाळंतिणीला दुपटं, कधी टीव्हीवरचं झाकण. घरात झाकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा सासूबाईंच्या त्या खुर्चीलाही आसन शिवलं. त्यांनी नाक मुरडलं आणि त्यावर बसल्या.

आता मला लोक विचारतात, तुम्हाला नक्षी सुचते कुठून? अहो, मला दिसायचं काय? समोर खिडकीचा गज. सकाळी त्याची सावली ओट्यावर पडायची, दुपारी फरशीवर उतरायची, संध्याकाळी पिंपावर चढायची. मी दोऱ्यानं तीच सावली धरत बसायचे. ह्यांचा निळा युनिफॉर्म विटला की कोपरापाशी एक निळा यायचा, धुवून धुवून पांढऱ्याला आलेला. तसला निळा मला कुठल्याच दुकानात सापडला नाही. कंपनीत यंत्रं पुसायला चिंध्यांचे गठ्ठे यायचे. त्यातला एखादा चांगला तुकडा हे खिशात घालून आणायचे. शर्टाची बाही, परकराचा काठ, कुणाकुणाचं काय काय. “हे घे तुझं सोनं,” असं हसत द्यायचे आणि झोपायला जायचे. माणूस वाईट नाही हो. थकलेला होता, बस. आणि कांद्याची टरफलं मी पिशवीत साठवायचे. सासूबाई म्हणायच्या, “लोकं कचरा टाकतात, आमची सून जपते.” टरफलं उकळली की वास सुटायचा, आणि तेवढ्यापुरती मी नामपुरात असायचे. त्या वासानं मला फार रडू यायचं, पण रडायलाही आवाज करायची सोय नव्हती.

दर वर्षी आखाजी यायची. एकदा मी पोटुशी. मग पोरगा लहान, मग पोरगी लहान. मग नणंदेचं लग्न, मग शाळा, मग ह्यांची कावीळ. मध्ये कधी लग्नाकार्याला नामपूरला जायचे तर सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परत, हे पडवीत घड्याळ बघत बसलेले. माय गोधडी खाली काढायचीच नाही. काढली तर सुई उपसावी लागेल, आणि उपसली तर तोंड शिवूनच उठावं लागेल, एवढा वेळ लेकीला नाही, हे तिला न सांगता कळायचं. गोधडी गुंडाळून कणगीवर ठेवलेली मला दिसायची. दोघी तिकडं बघायचो नाही. फोनवर मात्र एकदा ती सहज बोलून गेली, “सुई गंजनी वं.” मी म्हटलं, “येते गं यंदा.” आणि वर नेहमीचं वाक्य, “माझं इथं छान आहे. मोठं घर आहे, काळजी करू नको.” घर मोठं आहे हे मी तिला पहिल्या वर्षीच सांगून बसले होते. तिला शहरातलं घर बघायला बोलवायचं मी हे खोटं उघडं पडेल या भीतीनं टाळलं.

दोन हजारनंतर दोन गोष्टी झाल्या. ह्यांची कंपनी बंद पडली. आणि माझं एक दुपटं कुणाच्या तरी बारशात एका बाईंनी पाहिलं. गंगापूर रोडला त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. मी त्यांना मॅडम म्हणते. त्या गाडीनं आल्या, खुर्ची सरकवून आत आल्या, माझे चौकोन हातात घेऊन “वॉव” म्हणाल्या. “हा साइज तुम्ही का निवडला?” मी म्हटलं, “निवडते कशाची! तेवढीच जागा आहे.” त्या इतक्या हसल्या की मीही हसले. प्रदर्शनात माझ्या नावाखाली ‘टेक्स्टाइल आर्टिस्ट’ अशी पाटी लागली. सासूबाईंनी ती पोराकडून वाचून घेतली आणि विचारलं, “म्हंजे गोधडीवालीच ना?” मी म्हटलं, “हो, तीच.”

मला वाटलं, सुटले! आता दार उघडेल. दार उघडलं, पण ऑर्डरी आत आल्या आणि मी आतच राहिले. मॅडमना तेच चौकोन हवे होते. तोच गज, तोच निळा, तोच कांद्याचा रंग. मी एकदा धीर करून गोल फिरणारी, मोठी गोधडी करू का म्हणून विचारलं. “नको नको, लोक तुमचे चौकोन ओळखतात आता.” घर माझ्या हातावर चाललं होतं, बोलायला तोंड नव्हतं. हे आता दिवसभर जागे असायचे, मला चहा करून द्यायचे, तुकडे कापून द्यायचे. घरात रेडिओ लागायचा. तरी माझा जीव पूर्वीपेक्षा जास्त कोंडायचा. आधी निदान सासूबाईंवर राग काढता यायचा. आता कुणावर काढू?

आणि मग माय आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशन नाशकात करायचं ठरलं. हे स्टँडवर घ्यायला गेले, तर तिच्या मांडीवर ती गुंडाळी. बाकी सामान काही नाही म्हटलं तरी चालेल. “नंदी येत नही, ते मी सुईलेच लई उनू,” असं ती ह्यांना म्हणाली; लेक येत नाही, म्हणून सुईलाच घेऊन आली होती. ह्यांचे डोळे भरून आले होते, हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

मायच्या डोळ्यांना घर नीट दिसत नव्हतं, पण गोधडी पसरली की त्याचं माप कळणार होतं. गोधडी पसरायची कुठं? पुढच्या खोलीत कॉट, कपाट, पोरांचं टेबल. मी पटकन म्हटलं, “माय, गच्चीवर उजेड चांगला आहे, तिथंच बसू.” सासूबाई लगेच, “गच्चीवर चिंध्या मांडणार? लोक काय म्हणतील?” मायनं मात्र त्यांच्याजवळ बसून सुईची रीत सांगितली. सासूबाई खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, “मग उठू नको तू मधी. आज सैपाकाचं मी बघते.” त्या घरात इतक्या वर्षांत मी असं वाक्य ऐकलं नव्हतं.

सकाळच्या उन्हात पाण्याच्या टाक्यांच्या मधे आम्ही गोधडी उलगडली. किती मोठी होती! माझ्या आठवणीतसुद्धा ती लहान झाली होती. सुई काळी पडली होती, तिच्याभोवती तांबडा डाग. ओढताना करकरली, पण निघाली. दोरा हातातच तुटला. मी नवा ओवला. माय समोर बसली. तिला टाका दिसत नव्हता, ती बोटांनी चाचपत शिवत होती, आणि तरी तिची ओळ गोल, कडेच्या ओळींना धरून. मी खाली मान घालून शिवू लागले. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! वर मोकळं आभाळ, समोर माय, सुई माझीच.

बऱ्याच वेळानं मायचा हात माझ्या ओळीवर आला आणि थांबला.

“हाऊ कोपरा कसाना?”

मी बघितलं. गोल जायच्या जागी माझी ओळ सरळ गेली होती आणि काटकोनात वळली होती. मी ओशाळले, उसवली, पुन्हा घातली. डोळ्यांत तेल घालून घातली. तरी ठरावीक अंतर आलं की हात आपोआप वळायचा. तिथं पुढं काही नव्हतं, ना ओटा ना पिंप, मोकळी गोधडी होती. हात पुढं जाईचना. तिसऱ्यांदा उसवायला घेतलं तेव्हा मायनं माझं मनगट धरलं. तिनं एक बोट माझ्या टाक्यांवरून हळूहळू फिरवलं. एक बाजू, कोपरा, दुसरी बाजू, कोपरा. पूर्ण चौकोन फिरून बोट जिथून निघालं तिथं आलं. मग तिनं विचारलं,

“इतलीच जागा शे का तुले?”

मोठ्या घराचं ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण जीभ रेटली नाही. मी म्हटलं, “हो, माय. एवढीच.” आणि मी आवाज करून रडले. खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली, तरी थांबले नाही.

मायनं मला गप्प केलं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “उसवू नको. ऱ्हाऊ दे.” तेवढ्यात सासूबाई एकेक पायरी चढत स्वतः भाकरी घेऊन आल्या. माझे डोळे बघून त्यांनी भाकरी मायच्या हातात दिली. त्यांच्याच भाकरीचा घास मोडून मायनं चौकोनाच्या मधोमध ठेवला, आणि मी तोंड शिवलं. कडेनं मायच्या गोल गोल ओळी, मधे माझा चौकोन, बाजूला गंजाचा डाग. ती गोधडी मी माझ्यासाठी ठेवायची होती. पण डोळ्यांची पट्टी निघाल्यावर मायनं ती नीट पाहिली आणि गुंडाळून काखोटीला मारली. “हाई मी लई जासू.”

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायका मला विचारतात, अजून नामपूरला घर म्हणतेस का? मी म्हणते, हो, आणि मला त्याची मापंसुद्धा पाठ आहेत. थंडीत मायचा फोन येतो. डोळे छान, कांदे निघाले, सगळं सांगून झालं की ती शेवटी म्हणते, “तुना चौकोनमा झोपस मी.” त्या चौकोनाच्या पोटात घास आहे, त्याच्याखाली माय आहे, तिला तिथं गाढ झोप लागते. तेवढी मी घरी पोचले. बाकीची इथं फरशीवर बसलेली आहे. मॅडमना गुरुवारी चौकोन द्यायचे आहेत.