फिनॉल्फ्थॅलीन आणि बत्ता

आमचा कुवेतमधला संसार एका जुलाबाच्या औषधाने मोडला. ते औषध मी घेतलं नव्हतं. नुसतं त्याचं नाव उच्चारायला गेलो होतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथल्या लॅबोरेटरीत जागा निघाली, सोबत कुटुंबासाठी क्वार्टर. आम्ही राहत होतो ती खोली दोस्ताची. तो रत्नागिरीहून परतला की माझ्या बायकोला, हमीदाला, गावच्या बोटीत बसवावं लागणार होतं. नोकरीची अट एकच : इंग्रज डॉक्टरला फोनवरून रिपोर्ट वाचून दाखवायचे. म्हणजे लांबलचक शब्दांचे तुकडे पाडून नेमक्या तुकड्यावर जोर देता आला पाहिजे.

‘‘फि-नॉल-फ्थॅ-लीन. जोर तिसऱ्यावर,’’ मी घोकत होतो.

हमीदा मिरच्या कुटत होती. ‘‘मग तिसऱ्याला मी बत्ता जोरात हाणते. तुमी म्हणा.’’

आणि काय सांगू, जमलं! ‘स्ट्रेप्टोमायसिन’ जमलं, ‘बॅक्टीरिऑलॉजी’सुद्धा जमलं. (त्या दिवसांत आमच्या घरी मसाला इतका झाला की शेजाऱ्यांनाही ठसका लागे.) चटईवर हमीदाचा भाऊ युसुफ आडवा पडलेला असे. नोकरी शोधायला आला होता आणि ती आमच्या छताखाली शोधत होता.

‘‘दुलाभाई, या ठोकाठोकीने माझी झोप मोडते,’’ तो कण्हायचा.

मुलाखतीच्या खोलीत बत्ता नव्हता. डॉक्टरने कागदावरचा शब्द दाखवला. बत्त्याशिवाय शब्दाचे तुकडे पडेनात. शेवटी बोटांनी टेबलावर ठेका धरला. फि, नॉल... आणि तिसऱ्या तुकड्याला सवयीने मूठ आदळली. चहाचा पेला थेट डॉक्टरच्या मांडीवर.

‘‘नेक्स्ट,’’ डॉक्टर उभा राहून म्हणाला.

दारात युसुफ.

‘‘तू इथे कसा?’’

‘‘सहज, दुलाभाई. बघूया म्हटलं.’’

पडल्या पडल्या ऐकलेले सगळे शब्द त्याने घडाघडा म्हटले. हात खिशात ठेवून.

हमीदा बोटीने गेली. खलबत्ता जड, म्हणून भावाला नोकरीसोबत मिळालेल्या क्वार्टरमध्ये ठेवून गेली. आता शुक्रवारी मी तिथे जेवतो. युसुफने क्वार्टर मिळताच गावाहून बोलावलेली बायको कुटायला बसली की माझ्या तोंडून शब्द निसटतो, अगदी बिनचूक.

‘‘दुलाभाई, मुलाखतीत असंच म्हणायचं होतंत,’’ युसुफ म्हणतो.

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण मी हात उचलला की काय होतं ते मला माहीत आहे. मी आणखी भात मागून घेतो.