आठ किलोचं मूल

नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत मी औषधांच्या पेपरात नापास झाले, तेव्हा पहिला राग आला तो कॅल्क्युलेटरवर. तो आणू देत नव्हते ना हॉलमध्ये! भागाकार चुकला असणार, दुसरं काय? पैसे भरून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. भागाकार बरोबर होता. मुलाचं वजन चुकलं होतं.

प्रश्न साधा होता. तीन वर्षांच्या मुलाला ताप आहे, तापाचं औषध किलोमागे दहा मिलिग्रॅम द्यायचं, पाच मिलीत एकशे पंचवीस मिलिग्रॅम, तर किती मिली द्याल? वजन दिलंच नव्हतं. मी आठ किलो धरलं आणि तीन पूर्णांक दोन मिली लिहून मोकळी झाले. वयावरून वजन काढावं लागतं हे डोक्यातच आलं नाही. तीन वर्षांचं मूल म्हणजे आठ किलो, नऊ म्हणजे अगदी गुटगुटीत. आई आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस. शाळेत असल्यापासून वजनाच्या दिवशी तिच्या हाताखाली मी असायची. आढ्याला काटा लटकवायचा, कापडाच्या झोळीत पोर घालायचं, ते हातपाय झाडायचं थांबलं की आकडा मोठ्यानं वाचायचा. किती पोरांचे आकडे वाचले असतील मी! पेपराला हवे होते चौदा किलो. चौदा कधी वाचल्याचं आठवत नाही.

कोर्ससाठी जव्हारला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. माझी पार्टनर मास्तरांची मुलगी, घरची भातशेती, आईबाप दोघं नोकरीला. मनानं वाईट नव्हती. झेरॉक्स बघून ती खो खो हसली. "अगं ए बाई, आठ किलो? तुमच्याकडची पोरं काय हवा खाऊन राहतात?" मग माझं तोंड बघून उठली, चहा टाकला. तिला काही कळेना, आणि मला सांगता येईना. सांगायचं तरी काय? ती पास झाली होती. तिची नोंदणी झाली, नोकरीचे अर्ज सुरू झाले. माझं घोडं तिथंच अडलं. नोंदणी नाही तर नोकरी नाही, आणि कोर्सची मुदत संपत आल्यानं पुन्हा बसायची एकच संधी उरली होती.

फेरपरीक्षेसाठी मी क्लास लावला. तिथल्या मॅडमनी वयावरून वजन काढायचं सूत्र घोटून घेतलं. वयात चार मिळवायचे, बेरजेची दुप्पट करायची. तीन आणि चार सात, साती दुणे चौदा. "वजन दिलं नसेल तर हे वापरायचं," त्या म्हणाल्या. "आणि पेपर काढणारे मुद्दाम नको ते आकडे पेरतात. त्यांना फसू नका." मी हे सगळं वहीत उतरवलं. दोन वेगळी वाक्यं होती ती. माझ्या डोक्यात त्यांची खिचडी झाली, आणि ती मीच शिजवली, मॅडमचा काही दोष नाही.

फेरपरीक्षेपर्यंतच्या चार महिन्यांत मी पिसाटल्यासारखा अभ्यास केला. घरी जाताना खोडाळ्याच्या जीपमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर पोर दिसलं की वय विचारायची आणि मनातल्या मनात सूत्र लावायची. दोन वर्षं, बारा किलो. चार वर्षं, सोळा किलो. मांडीवरचं पोर काडी असायचं, पण मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. बघितलं की चुकते, हे मला कळून चुकलं होतं ना! डोळ्यांवर विश्वास ठेवला म्हणून तर नापास झाले होते. आईनं एकदा घरी नव्या पोरांची वजनं सांगायला सुरुवात केली तर मी खेकसले तिच्यावर. "नको सांगूस, माझा पेपर बिघडतो." बिचारी उठून चुलीकडे गेली.

पेपर आला. पहिले प्रश्न भराभर सुटले. मग तो आला. तीन वर्षांचं मूल, वजन आठ किलो, जेंटामायसिन किलोमागे पाच मिलिग्रॅम, दोन मिलीच्या कुपीत ऐंशी मिलिग्रॅम, तर किती मिली टोचाल?

आठ किलो. छापलेलं होतं, ठळक. मला हसूच आलं. म्हटलं, बघा, पेरला आकडा! मागच्या खेपेला ज्यात पडले तोच खड्डा. आता नाही पडायची. तीन आणि चार सात, साती दुणे चौदा. चौदा गुणिले पाच सत्तर. एक पूर्णांक पंचाहत्तर मिली. खाली दोन रेघा मारल्या. इतक्या खुशीत मी कुठलंच उत्तर लिहिलं नव्हतं.

बाहेर मुली उत्तरं जुळवत उभ्या होत्या. "एक मिली," सगळ्या म्हणाल्या. मी भांडायला लागले. त्यातली एक शांतपणे म्हणाली, "अगं, वजन दिलेलंच होतं की." मी तिथंच पायरीवर बसले.

तीन गुणांनी गेले. तो प्रश्न पाच गुणांचा होता.

घरी आईला सांगितलं. आमच्या घरची बोली वेगळी, तिच्यात या मिली-मिलिग्रॅमला शब्द नाहीत, तरी तिनं सगळं ऐकून घेतलं. नापास झाल्याचं तिला फारसं लागलं नाही, निदान दाखवलं नाही. तिचं वेगळंच.

"आठ किलो लिवलेलं होतं?"

"होतं."

"मग तू चौदा का धरलंस? तुला तर ठाऊक हाये ना आपली पोरं."



आता एका खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून जाते. केसपेपर काढते, खाटा आवरते, रडणारी पोरं धरून ठेवते. सिरिंजला हात लावायची मला परवानगी नाही. सुरुवातीला फार चिडायची, नशिबावर, पेपरवाल्यांवर, सगळ्या जगावर. हल्ली चिडत नाही. त्या जेंटामायसिनचा डोस जास्त झाला तर मूत्रपिंडं जातात, कान जातात, हे मला तोंडपाठ होतं आणि अजून आहे. कागदावरच्या त्या पोराला मी जवळजवळ दुप्पट टोचलं, हसत हसत. माझ्याच पाड्यावरचं पोर होतं ते. हॉलमध्ये माझ्याइतकं त्याला ओळखणारं दुसरं कुणीच नव्हतं. मला नापास केलं ते बरोबरच केलं.