नंबरवाल्यांची कवळी

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक गृहस्थ डोळे तपासून नंबर काढायचे, म्हणून त्यांना सगळे नंबरवाले म्हणायचे. डॉक्टर नव्हते, पण तोरा मोठ्या सर्जनचा! मी काउंटरवर, त्यामुळे त्यांची सगळी थेरं मी जवळून बघितली आहेत.

त्यांच्या तोंडाला वास यायचा. थोडाथोडका नाही. मागच्या अंधाऱ्या खोलीत ते बॅटरी घेऊन गिऱ्हाइकाच्या तोंडाशी आले, की धडधाकट माणूस खुर्चीत मागे सरकायचा. "ही काच बरी की ही?" विचारायची खोटी, "हीच, हीच, एकदम स्पष्ट!" सुटका हवी होती हो बिचाऱ्यांना! आठवड्याभरात तो चष्मा परत काउंटरवर. मालक वैतागले. "यांनाच आता दिसत नाही. महिनाअखेर बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणतो."

आणि नंबरवाले म्हणे, "लोकांना स्वतःचे डोळे कळत नाहीत!" दिवसभर पेपरमिंटच्या गोड गोळ्या चघळायच्या, त्या साखरेने आणखी घाण. सारखं उठावं लागतं म्हणून पाणी प्यायचं नाही, तोंड कायम कोरडं. जीभ घासणं यांच्या शानेत बसत नव्हतं. वरच्या चार दातांची कवळी तर "बसवली तशी एकदाही काढली नाही," असं फुशारकीने सांगायचे. शी! आम्ही आपले पाठीमागे नाक धरून खिदळायचो.

महिनाअखेरीस मालकांनी खरंच नवा माणूस आणला. नंबरवाले डबा पिशवीत भरत होते, तेव्हा मला राहवलं नाही.

"साहेब, तुमची तपासणी चुकत नव्हती. तुमच्या तोंडाला वास येतो. लोक पळायच्या घाईत काहीही सांगतात. झोपताना कवळी काढून घासा, पाण्यात ठेवा. जीभ घासा, पाणी प्या. माझ्या सासऱ्यांचा वास तेवढ्याने गेला."

मला वाटलं, आता भडकणार. ते बेसिनपाशी गेले, कवळी काढली आणि नाकाशी नेली. मग पाठमोरेच विचारलं,

"कधीपासून येतोय?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे चष्मा चुकीचा आहे हे माहीत असून तुम्ही लोकांना देत होतात?" दातांशिवाय त्यांना नीट बोलता येत नव्हतं, तरी शब्द न् शब्द कळला.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार, कप्पाळ!