रागाचं परमान

माझ्या थोरल्या साडभाऊंइतका रागीट माणूस आमच्या हिंगणघाटात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांना मिळून एक गाव पुरलं नसतं. राग सगळ्यांनाच येतो. कुणाला बायकोचा, कुणाला शेजाऱ्याचा, कुणाला सरकारचा. साडभाऊंना तो एकाच कारणानं यायचा. कशाचंही प्रमाण चुकलेलं त्यांना सहन होत नसे. पेशानं ते गवंडी, गावातले नावाजलेले मिस्त्री. वाळू किती, सिमेंट किती, पाणी किती, यात उभा जन्म गेलेला. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी घमेल्यानं मोजून कालवलेली आहे, आणि बहुतेक ठिकाणी कालवणाऱ्यानं हरामखोरी केली आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. ‘प्रमाण’ हा शब्द ते ‘परमान’ असा उच्चारत, आणि तो उच्चारताना त्यांची उजवी भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत जाई.

त्यांच्या शेजारी पंगतीला बसणं ही शिक्षा होती. एका लग्नात वाढप्यानं त्यांच्या पत्रावळीवर भाताचा ढीग ओतला आणि वर चमचाभर वरण सोडलं. साडभाऊ ताडकन उभे राहिले. “भात एवढा आन् वरन एवढं? हे जेवन वाढून राह्यला का खड्डा बुजवून राह्यला?” मुलीचे वडील हात जोडत धावत आले, वरणाची आख्खी बादली त्यांच्यापुढे ठेवली, तर ते आणखीच भडकले. “आता हे बी परमानात नाई!” शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांची ओळख पाऊण तास चालली आणि पाहुणे दहा मिनिटं बोलून बसले, तेव्हा भर सभेत त्यांनी विचारलं होतं, “खरा पाहुना कोनता, ते आधी सांगा.” पण कळस झाला तो आमच्या गल्लीतल्या एका मयतीत. घरची माणसं पदराआड हुंदके देत होती आणि लांबची कुणी नातेवाईक बाई ऊर बडवून आक्रोश करत होती. साडभाऊंनी बराच वेळ कळ काढली. मग पुढे होऊन म्हणाले, “बाई, त्याची बायको हळू रडून राह्यली. तुमी तिच्यापेक्षा जास्त काऊन?” बाई गप्पच झाली. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा. त्या घरच्या विधवेनं मात्र पुढे माझ्या बायकोजवळ कबूल केलं, की त्यानंतरच तिला नीट रडता आलं.

घरी माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे सगळं ऐकत असे. “यायचे शंभर शब्द झाले का माहा एक होते,” ती हसून सांगायची, “हे परमान लग्नापासूनच ठरलं आहे.”

मी शाळेत मराठी शिकवत असे. घरात जाडजूड शब्दकोश होता. एका रविवारी साडभाऊंनी फर्मान काढलं, “मास्तर, त्या पुस्तकात परमान पाहा.” मी वाचून दाखवलं: माप, मर्यादा, आधार, पुरावा. मग प्रमाणबद्ध, प्रमाणशीर, प्रमाणपत्र. त्यांची भुवई चढत गेली. “एका शब्दाले इतले अर्थ? अर्थाचं बी काही परमान असावं का नाई?” मग ते अंगणातल्या भिंतीकडे बघू लागले. “पुरावा बी परमानच म्हनता?” त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो. तो अर्थ त्यांनी मला आणखी एकदा वाचायला लावला.

आम्हा दोघांची सासुरवाडी समुद्रपूरकडच्या एका खेड्यात. आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं. त्या उन्हाळ्यात अक्षयतृतीयेला आम्ही दोघे जावई तिथं जेवायला गेलो. पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले; साडभाऊंना दुपारची झोप ठाऊक नव्हती. मला घेऊन ते गावात फिरायला निघाले. गावाला शाळेची नवी खोली मंजूर झाली होती आणि भिंती छातीभर उंचीला आल्या होत्या. साडभाऊंनी जाता जाता विटांच्या मधल्या सांध्यात बोट घातलं. बोट आत गेलं. त्यांनी नुसतं चोळलं, तर पिठासारखी वाळू खाली ओघळली.

मी त्यांचे पुष्कळ राग पाहिले होते. हा तसा नव्हता. ते ओरडले नाहीत. ती वाळू मुठीत घेऊन त्यांनी मला दाखवली. “सिमेंट एकाले वाळू सहा पाह्यजे. हे एकाले पंधरा बी नाई. मास्तर, याच्याखाली लेकरं बसतीन.”

सिमेंट परमिटवर मिळण्याचे दिवस होते. ते परमिटाचं सिमेंट कुठं मुरलं हे गावाला माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. ठेकेदार हिंगणघाटचाच, वजनदार माणूस. साडभाऊंनी त्याला भर चौकात गाठलं तेव्हा तो पान चघळत म्हणाला, “तुम्ही त्या गावचे जावई. पाहुण्यानं पाहुण्याच्या प्रमाणात बोलावं.” त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर फेकलेला! साडभाऊ लालबुंद झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी मला तक्रारअर्ज लिहायला बसवलं. मी लिहिला, अगदी वळणदार अक्षरात. खाली त्यांनी सही केली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. “तुमी बी पाह्यलं ना? करा सही साक्षीदार म्हून.”

मी म्हणालो, चौकशीच्या दिवशी येईन, तेव्हाच करीन.

खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्या ठेकेदाराचे मामेभाऊ. शिवाय ते दिवस असे, की तक्रार हा शब्दही लोक इकडेतिकडे बघून उच्चारत. मे महिन्याच्या शेवटी चौकशीची तारीख आली. शाळेला सुट्टी होती, म्हणजे तीही सबब नव्हती. सकाळी साडभाऊ मला न्यायला आले, तेव्हा मी पांघरूण घेऊन पडलो होतो. बायकोनं खाली मान घालून सांगितलं, “यायले ताप आहे.” मे महिन्याच्या उन्हात गोधडी पांघरलेल्या माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि एकटेच एसटीनं गेले.

पुढचं मला सासऱ्यांकडून कळलं. चौकशीचे साहेब जीपमधून आले, भिंतीकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या म्हणण्याला प्रमाण काय? साक्षीदार कुठं आहे?” साडभाऊ म्हणाले, “परमानच तर नाई साहेब, तेच सांगून राह्यलो!” ठेकेदाराची माणसं हसली. साहेबांनी कागद मिटला. तेव्हा साडभाऊंनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पाय रोवले आणि भिंतीला खांदा लावला. दोन रेटे दिले. तिसऱ्याला वरचे पाच-सहा थर विटांसकट धडधडा पलीकडे कोसळले. धूळ खाली बसल्यावर ते एवढंच म्हणाले, “हे घ्या परमान. लिहा आता.”

सरकारी मालमत्तेची नासधूस केली म्हणून त्यांना त्या दिवशी ठाण्यात बसवून ठेवलं. पण सारं गाव ठाण्यासमोर येऊन बसलं, आणि बायका सर्वांत पुढे. संध्याकाळी त्यांना सोडावं लागलं. खोली पायापासून पुन्हा बांधली गेली; गावच्या दोन म्हाताऱ्या रोज तिथं ठाण मांडून घमेली मोजत. ठेकेदाराला काही झालं नाही. साडभाऊंना मात्र हिंगणघाटात कुणी मोठं काम दिलं नाही. चुली लिंपायची आणि न्हाणीघरं बांधायची कामं करत त्या नावाजलेल्या मिस्त्र्यानं पुढची वर्षं काढली.

ठाण्यातून सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. “मास्तर, तुमच्यावर माहा राग सहा महिन्याचा आहे. कमी नाई, जास्त नाई.” आणि वळून निघून गेले. सहा महिने ते खरोखर एक अक्षर बोलले नाहीत. बाजारात समोर आले तर रस्ता बदलत. दोघी बहिणी रडल्या, सासऱ्यांनी निरोप धाडले, व्यर्थ. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी दार वाजलं. पिशवीत वांगी घेऊन साडभाऊ उभे. “झाले सहा महिने,” ते म्हणाले. “चहा ठेवाले सांगा.” बायको आत गेली ती डोळे पुसतच. त्यांनी मात्र जणू कालच उठून गेल्यासारखं वांग्यांना पाणी किती लागतं यावर बोलायला सुरुवात केली.

त्या तापाची गोष्ट मी त्यांच्यापाशी काढली ती दहा-बारा वर्षांनी. ते थकले होते, दमा जडला होता, रागवायला लागणारा श्वासही पुरत नव्हता. मी म्हणालो, “भाऊ, त्या दिवशी मला ताप नव्हता.”

“ठाऊक होतं मले.”

“मग सहाच महिने का?”

ते खोकले, सावरले. “तुमी भिऊन केलं. भ्यायचे सहा महिने. लालच पाहून केलं असतं, तर मेल्यावर बी बोललो नसतो.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “भेव तर मले बी वाटलं होतं ना, मास्तर.”

त्याच उन्हाळ्यात ते गेले. त्यांचा माझ्यावरचा राग केव्हाच फिटला होता. माझा स्वतःवरचा मात्र अजून आहे, कधी कमी होतो, कधी उफाळून येतो. तो किती दिवस ठेवायचा, हे त्यांना विचारायला हवं होतं. ते अगदी नेमकं सांगू शकले असते.