शेंदराखालची जागा

प्रिय मृणाल आणि निखिल,

मृणालच्या पत्रात एक ओळ होती. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, घरात कुणाला छातीचा कर्करोग झाला होता का, आणि ती म्हणाली, माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही, कारण मुलांना सांगू नकोस असं मीच तुमच्या आईला, माझ्या लेकीला, बजावलं होतं. ती चूक आज दुरुस्त करते.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही तुंगार्लीला राहत होतो. आजोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला होते, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला एक इंग्रजी पुस्तिका दिली आणि म्हणाल्या, मावळातल्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी त्यातले चार मुद्दे वहीत उतरवले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवांना गावोगाव जाऊन सांगू लागले. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी बोटं सपाट ठेवून छाती आणि काख चाचपायची. गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तर डॉक्टरांना दाखवायचं. गाठ दुखत नसली तरी दाखवायचं. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण ते ठरवायचं काम आपलं नाही. बायका पदराआड हसत. एक म्हातारी म्हणाली, "मालकाला सवड न्हाई, म्हून आता आमीच चाचपायचं व्हय, बाई?" सगळ्या जणी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी मात्र गंभीरपणे पुढचा मुद्दा वाचला. मी स्वतः एकदाही तपासलं नव्हतं. शिकवणाऱ्याने परीक्षेला बसायचं नसतं, असंच जणू मी धरून चालले होते.

फाल्गुनात साबण लावताना गाठ सहज हाताला लागली. डाव्या बाजूला, चिंचोक्याएवढी, न दुखणारी. तुमच्या आईचं लग्न वैशाखात ठरलेलं. नवरीच्या आईला असला रोग आहे असं कळलं तर सोयरीक मोडेल, हा एकच विचार डोक्यात बसला. आजोबांनाही सांगितलं नाही. फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना, पत्रिकांवर नावं घालताना हात पुन्हा पुन्हा तिथे जाई. वाढली का? तेवढीच आहे? रात्री वाटे वाढली, सकाळी वाटे भास होता. ठरवायचं काम आपलं नाही, हा वहीतला चौथा मुद्दा माझ्याच अक्षरात होता आणि मी ती वही ट्रंकेत तळाशी घातली.

मी फारशी देवभोळी नव्हते. तरी त्या घालमेलीत मी जवळच्या गावच्या टेकडीवरच्या देवीला नवस बोलले: लग्न पार पडेपर्यंत गाठ आहे तशी राहू दे, तुला हिरवं लुगडं नेसवीन. पाच मंगळवार उपास करून टेकडी चढायची ठरवली. चढताना मनात देवीशी भांडत असे, की तू आहेस का, आणि असलीस तर ऐकतेस का.

तिथे देवीला आंघोळ पुजारी गुरवाची बायको, गुरवीण मावशीच घालत. देवी बाईमाणूस, म्हणून त्या वेळी पडदा ओढत आणि पुरुष बाहेर जात. तिसऱ्या मंगळवारी मी पडद्याबाहेर ओटी घेऊन बसले होते. आतून हाक आली.

"बाई, जरा आत या. तुमी न्हाऊन आलाय न्हवं?"

मी आत गेले. मावशींनी ओल्या हाताने माझा हात धरून देवीच्या छातीवर ठेवला. "हितं बगा. वरनं शेंदूर किती साजरा दिसतोय, पर माजा हात रोज फिरतो. आत फुगलंय. आमचे हे म्हनत्यात, नवरात्रापतूर राहू द्या. तवर दगड खाऊन टाकंल की वल." त्यांनी नखाने टोकरलं, शेंदराचा पापुद्रा सुटून हातात आला. आतली जागा काळी, ओलसर होती.

माझी बोटं तिथून हलेनात. मला रडू कोसळलं.

मावशींनी पापुद्रा खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "कुटं हाय?"

मी सांगितलं. नवसही सांगितला.

"गाडी थांबवून धरायला देवी काय टेशनमास्तर हाय? हळदीकुंकवाला आमाला शिकवून गेलात, म्या दर महिन्याला करते. तुमी पैल्या नंबरच्या ढ. जावा, आज घरी सांगा."

त्यांना कसं कळलं, त्याच दिवशी मला आत का बोलावलं, हे मी पुढे कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी आजोबांना सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "सोयरीक मोडायची तर मोडू दे. तू आधी." त्यांनी व्याह्यांना खरं ते लिहिलं. विहीणबाईंचं उत्तर आलं: तारीख बदलू नका, मंडपात तुमच्यासाठी आरामखुर्ची ठेवू. चैत्रात पुण्याला ऑपरेशन झालं. रोग काखेत पोचला नव्हता. आणखी थांबला असतात तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी देवीकडे थांबण्यासाठी मुदत मागितली होती. तिने माझाच हात धरून जागेवर ठेवला. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मला वाटे. मला त्या दिवशी कळलं ते असं, की जे हाताला लागलं ते कबूल करायचं आणि उठायचं. मृणाल, डॉक्टरीणबाईंना सांग, माझ्या आजीला झाला होता. आणि तपासणीची तारीख घे.

हिरवं लुगडं मी नेसवलं. मावशी आता नाहीत. देवीला आंघोळ त्यांची सून घालते, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पडदा ओढण्याआधी बाहेर बसलेल्या बायकांना विचारते, "हात फिरवला का गं?" ते अजून चालू आहे.